लतिकाताईंच्या टेबलावरची बॅटरी

डिफेन्स फॅक्टरीत तीस वर्षं तपासणी करून निवृत्त झालेल्या लतिकाताई आता अधारतालच्या दुकानात ड्रोन दुरुस्त करत.

"बॅटरीच खराब आहे, दीदी," फवारणीवाला अंबरीश ठासून म्हणाला. त्याचा ड्रोन पनागरच्या मटाराच्या शेतावर उडता उडता कोसळला होता.

"निकाल मी देईन, तू नाही!"

ताईंनी बॅटरीच्या एकेक सेलचं व्होल्टेज मोजलं, लोड देऊन पुन्हा मोजलं. सगळे ठणठणीत. मग त्यांनी बॅटरीचा प्लग पाहिला. नव्या ड्रोनच्या पूजेचा लाल धागा अंबरीशनं तिथंच गुंडाळला होता. त्यामुळे प्लग पुरता आत बसलाच नव्हता. हवेतल्या थरथरीनं तो निसटला होता.

"इथं काहून बांधला?"

"जीव तिथंच असते ना, दीदी."

ताईंनी धागा सोडवून ड्रोनच्या पायाला बांधला. "पूजेत पाया पडतात, भैया. तू तर गळाच आवळून राहिला!"