सासूबाईंची दाबलेली वही

चटणी करायला कॉम्प्युटर लागत नाही. हे आता मला माहीत आहे, आमच्या मंडळींना माहीत आहे आणि कसबा बावड्यातल्या आमच्या गल्लीत ज्यांची नाकं अजून शाबूत आहेत, त्या सगळ्यांना माहीत आहे.

त्या रविवारी मात्र लागत होता.

आमच्या घरची वर्षाची कांदा-लसूण चटणी सासूबाई वारणानगरहून येऊन करायच्या. मिरच्या आमच्या, कुटायचा डंक कोपऱ्यावरच्या गिरणीतला आणि हात त्यांचा. त्या चटणीचा एक चमचा रश्श्यात पडला की पातेल्यातला कोंबडा उठून आरवायचा! शेजारच्या इंदूकाकू तर आमच्या खिडकीखाली नुसत्या वासावर दोन भाकरी संपवायच्या. (दोन म्हणजे त्यांच्या मापानं. आमच्या मापानं चार.)

सासूबाई गेल्या आणि यंदा पहिल्यांदाच सुरेखाला, म्हणजे आमच्या मंडळींना, एकटीनं चटणी करायची वेळ आली. तिनं गल्लीभर सांगून ठेवलेलं, "चव आईचीच येणार. बोटभर फरक पडला तर नाव सांगणार न्हाय." पण कुठली मिरची किती, धने किती, खोबरं किती, हे सगळं सासूबाईंच्या वहीत, आणि वही वारणानगरला माझ्या मेव्हण्याकडं, विलासकडं.

विलास हौशी माणूस. वहीची पानं हात लावला की तुटतात म्हणून त्यानं एकेक पान स्कॅन केलं आणि कसल्याशा नव्या टूलनं दाबून, म्हणजे आकारानं लहान करून, सगळ्याची एकच फाइल करून मला पाठवली. वर फोन केला.

"दाजी, ह्ये टूल लई भारी हाय. हत्तीला काडेपेटीत बसवतंय! उघडतंय न्हवं तुमच्याकडं? न्हाईतर सांगा, त्या पानाचा फोटो काढून पाठवतो."

आता इथं एखादा शहाणा माणूस म्हणाला असता, "पाठव बाबा फोटो." पण मी हायस्कुलात इतिहास शिकवतो. मेव्हण्यापुढं माघार घेतल्याचा दाखला आमच्या घराण्यात नाही.

"उघडतंय की! न उघडायला काय झालं?" मी म्हणालो.

फाइल उघडत नव्हती. माझ्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही जरा वेगळी प्रणाली आहे, आणि तिला हा प्रकारच ठाऊक नव्हता. डबल क्लिक केलं की कॉम्प्युटर अनोळखी पावण्याकडं बघावं तसा माझ्याकडं बघत होता.

घड्याळात अकरा. डंकावर आमचा नंबर दुपारी चारचा. तो चुकला की पुढचा नंबर आठ दिवसांनी, आणि भाजलेली मिरची तोवर सादळून लोळागोळा. आत सुरेखानं कढई चढवली होती. मिरच्या भाजायला प्रमाण लागत नाही. एकत्र करायला लागतं.

"गावलं का प्रमाण?" आतून आवाज आला.

"आधी टूल करायला पाहिजे."

"करायला? तयार मिळत न्हाय व्हय?"

मिळत होतं! एका ओळीची आज्ञा दिली की पाच मिनिटांत बसलं असतं. पण त्याच पानावर खाली लिहिलं होतं की या टूलचा सोर्स कोड, म्हणजे मूळ कृती, सगळ्यांना खुला आहे, पाहिजे त्यानं घ्यावा, बघावा आणि आपल्या हातानं बांधावा. हे वाचलं आणि माझ्या डोक्यात कुतूहलाचा भुंगा शिरला. हत्तीला काडेपेटीत घालणाऱ्याचं पोट आतनं दिसतं कसं?

"सुरेखा," मी खडसावून विचारलं, "तू तयार पुडीतली चटणी घरात आणशील का?"

आत झारा थांबला. या प्रश्नाला कोल्हापुरात दुसरं उत्तरच नसतं.

"बरं, करा घरी," ती म्हणाली. "पर चारच्या आत करा."

मी सोर्स उतरवला. सोर्स दाबलेला होता. कशानं दाबलेला? त्याच टूलनं! म्हणजे टूल बांधायला सोर्स उघडायचा, आणि सोर्स उघडायला टूल पाहिजे. कुलपाची किल्ली कपाटात आणि कपाटाला तेच कुलूप! मी अर्धा तास त्या फाइलीकडं आदरानं बघत बसलो. मग कळलं की शेजारीच तोच सोर्स साध्या जुन्या पद्धतीनं दाबूनही ठेवलाय, माझ्यासारख्यांसाठी.

तो उघडला. शेकडो फाइली! मी एकेक उघडून बघायला लागलो. कळत काहीच नव्हतं, पण गोडी लागली. एका फाइलीत कुणीतरी लिहून ठेवलं होतं की, हा भाग असा का चालतो हे आम्हालाही नीट उमगलेलं नाही, कृपया हात लावू नये. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

"झालं का?"

"बघतोय!"

"बघू नका, करा!"

पहिली पायरी कॉन्फिगर. ही आज्ञा दिली की कॉम्प्युटर तुमची चौकशी सुरू करतो. मुलीकडची माणसं स्थळ बघायला आल्यासारखी! घरात अमुक आहे का? आहे. तमुक आहे का? आहे. कंपायलर आहे का? नाही. झालं, मंडळी पोहेसुद्धा न खाता उठली.

कंपायलर म्हणजे सोर्सचं टूल करणारा कारागीर. तो मी गुपचूप तयार आणला, पण बायकोची नजर डंकापेक्षा बारीक.

"आता ह्ये कसं तयार घेतलं?"

"अगं, ह्यो डंक हाय. डंक कोण घरी बनवतंय?"

तिनं झारा जरा जोरात आपटला.

पावणेदोन. चौकशी पार पडली, स्थळ पसंत पडलं. आता मुख्य आज्ञा, मेक. तिच्यापुढं एक आडवी रेघ, इंग्रजी 'जे' हे अक्षर आणि एक आकडा द्यायचा. एका वेळी किती कामं काढायची, तो हा आकडा. माहितीत लिहिलं होतं, चार द्या.

चार! आमच्याकडं पंगतीला पावण्याला कुणी विचारतं का, भाकरी किती वाढू? मोजून वाढणाऱ्याच्या घरचं पाणीसुद्धा आम्ही पीत नाही. मी 'जे' लिहिला आणि आकडा लिहिलाच नाही. म्हटलं, घे बाबा, पाहिजे तेवढं घे, हात आखडू नकोस!

त्यानं घेतलं. आकडा नसला की तो समोर दिसतील तेवढी सगळी कामं एकदम अंगावर घेतो, हे मला नंतर कळलं. पडदा गोठला. बाण हलेना. आतला पंखा आधी गुणगुणला, मग घोंगावला, मग हेलिकॉप्टर उठावं तसा गरजू लागला. टेबल थरथरायला लागलं. टेबलावरची गणपतीची मूर्ती हळूहळू सरकत कडेला आली आणि मी झेलली म्हणून वाचली.

मला वाटलं, बिचारा तापलाय, वारा पाहिजे. म्हणून मी कॉम्प्युटरच्या डब्याचं बाजूचं झाकण काढलं आणि तो उचलून स्वयंपाकघराच्या दारात ठेवला. तिथं वाऱ्याचा झोत येतो.

वाऱ्याचा येतो, हे खरं. पण त्याच क्षणी सुरेखानं कढईत लवंगी मिरची टाकली होती.

पंख्यानं तो सगळा खकाणा एका बाजूनं ओढला आणि दुसऱ्या बाजूनं, चांगला गरम करून, बाहेरच्या खोलीत फेकला! मी शिंकलो. सुरेखा शिंकली. खिडकीखाली इंदूकाकू भाकरी घेऊन उभ्याच होत्या; त्या इतक्या जोरात शिंकल्या की भाकरी समोरच्या छपरावर गेली. (ती अजून तिथंच आहे, असं काकू सांगतात.)

"सर! आवो सर! काय जाळताय काय?" काकू ओरडल्या.

"वही उघडतोय!" मी ओरडलो.

"बंद करा की ती!"

गल्लीतल्या खिडक्या धडाधड लागल्या. एक रिक्षावाला वळणावर थांबला, डोळे पुसले आणि उलटा फिरून गेला. एवढ्यात विलासचा फोन. पंख्याच्या आवाजात ऐकू येईना, म्हणून मी तो स्पीकरवर टाकला.

"दाजी, गावलं का पान? का सकाळी म्हटलो तसा फोटो पाठवू?"

"आं... आंछू! समोरच हाय की!"

"रडताय काय?"

"सासूबाईंची आठवण आली," मी म्हणालो. डोळ्यांतनं धारा चालल्याच होत्या, त्यामुळं ते खोटंसुद्धा वाटलं नाही.

फोन ठेवला तर मागं सुरेखा उभी. नाकाला पदर, हातात झारा.

"तो फोटो पाठवतो म्हणत हुता व्हय? सकाळपास्नं?"

मी पंख्याकडं बघितलं. पंखा गरजत होता, पण मदतीला येत नव्हता.

"आवो, आईची चव हाय ती! यंदा न्हाय जमली तर पुढच्या सालाला मला तरी आठवंल का? आन् तुमी मेव्हण्यासंगं शर्यत लावताय?"

तिचा आवाज जरा ओला झाला. या खेपेला मिरचीमुळं नाही. मला खरंच वाईट वाटलं. मी फोन उचलला, मान खाली घातली आणि विलासला लावला. घराण्याच्या इतिहासातली पहिली माघार! आणि तो फोन उचलेना. पाच वेळा लावला. तीन वाजले होते. जेवून आडवा झाला असणार.

मग मी बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा चालू केला आणि या वेळी आकडा घातला. एक! एकच काम घे बाबा, आणि दमानं घे.

सुरेखा शेजारी बसली. पडद्यावर ओळी वर सरकत होत्या. हा तुकडा झाला, तो तुकडा झाला, आता सगळे जोडतोय. दोघंही बघत होतो.

"ह्ये बरं वाटतंय की," ती हळूच म्हणाली. "चांगलं एकेक निवडून घेतंय."

साडेतीनला टूल तयार झालं! माझ्या हातानं बांधलेलं! मी फाइल दिली. काडेपेटीतनं हत्ती निघाला. पानं मोजायलाच वेळ लागला. उन्हाळी वाळवणं, लोणची, बाळंतिणीचे लाडू. आणि मग एका पानावर सासूबाईंचं ते तिरकं अक्षर, "चटणी".

सुरेखानं मोठ्यानं वाचलं.

"ब्याडगी, संकेश्वरी आन् लवंगी मिरची. मसाला नेहमीचा. प्रमाण सुरेखाला इचारावं. माझा हात आता थरथरतो, तिचा बरोबर हाय."

मी वाकून ती ओळ पुन्हा वाचली.

"आगं," मी म्हणालो, "म्हंजे तुला येतंय?"

"गेली तीन वर्सं मीच घालत हुते की," ती पडद्याकडं बघतच म्हणाली. "आई नुसती पाटावर बसून 'आनि घाल', 'बास' म्हणायची. मला वाटायचं, सगळं तीच करतीया."

तिनं डोळे पुसले, उठली आणि परातीत हात घातला. मोजलं नाही, विचारलं नाही. मूठ भरायची, क्षणभर थांबायची, स्वतःशीच "बास" म्हणायची आणि पुढच्या डब्याकडं वळायची. चारला दहा कमी असताना इंदूकाकूंना सोबत घेऊन डबे डंकावर गेले. संध्याकाळी चटणी आली. काकूंनी बोट लावून चाटलं आणि त्या भाकरी घेऊन पुन्हा आमच्या खिडकीखाली जाऊन उभ्या राहिल्या.

मी मात्र दुपारी बायका डंकावर गेल्यावर एकटाच पडद्यापुढं बसलो होतो. एवढ्या कष्टानं उघडलेली वही, पुढचं काय असेल ते बघावं म्हणून पान खाली सरकवलं. तिथं चटणीचीच एक शेवटची सूचना होती. खाली दोन रेघा ओढलेल्या.

"कुटायच्या दिवशी जावयांना नारळ देऊन जोतिबाला धाडावं. चौकस लई हायत. घरात ठिवू नये."

पंधरा वर्षं दर चटणीला सासूबाई माझ्या हातात नारळ ठेवायच्या, आणि पंधरा वर्षं मी जोतिबाचा डोंगर चढताना मनात म्हणायचो, या बाईला माझ्या भक्तीची केवढी कदर आहे!