गुडघ्याखालचा फरशीचा तुकडा

आमच्या न्हाणीघराची फरशी बदलायची होती, तेव्हा ती बसवायला आलेल्या कारागिरांना मी पहिल्यांदा नीट पाहिलं. बसवलेल्या प्रत्येक फरशीवर ते थापीच्या मुठीने टकटक करत आणि मान कलती करून ऐकत. एक फरशी त्यांना पोकळ वाजली. मला तर सगळ्या सारख्याच वाजत होत्या. त्यांनी ती माझ्यादेखत उखडली आणि पुन्हा बसवली. पस्तीस वर्षं मी वह्या तपासल्या, पण इतकी कडक तपासणी मला कधी जमली नाही. गल्लीत त्यांना सगळे ओळंबा म्हणत, कारण वाकडं काही त्यांना खपतच नसे.

दोन वर्षांनी ते मला भेटले ते फिजिओथेरपीच्या खोलीत, शेजारच्याच खाटेवर. माझा खांदा आखडला होता. ते ओल्या जिन्यावरून घसरले होते आणि डाव्या गुडघ्याचा लिगामेंट दुखावला होता. तिथली फिजिओ माझीच जुनी विद्यार्थिनी. टाच गादीवरून ओढत गुडघा वाकवायचा, पाय ताठ ठेवून वीतभर उचलायचा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची आणि पाच आकडे मोजायचे, असे व्यायाम तिने दिले. सगळं दहा-दहा वेळा. गुडघा पूर्ण सरळ झाला पाहिजे, असंही बजावलं. फरशी बसवणाऱ्या माणसाला आपण काय सांगून बसलो, हे तिच्या लक्षात आलं नाही.

पाचव्या आठवड्यापर्यंत ते न लंगडता चालू लागले, डाव्या पायावर एकट्याने उभे राहू लागले. चेहरा मात्र दिवसेंदिवस उतरत चालला होता. विचारलं तर म्हणत, "चाललंय, बाई."

मग एके दिवशी त्यांची बायको सोबत आली. ते व्यायामाची सायकल मारत होते तेवढ्यात तिने मला हळूच सांगितलं, की फरशी कापायची मशीन ह्यांनी मेव्हण्याला देऊन टाकली. आता आपल्याच्याने खाली बसून काम व्हायचं नाही म्हणतात. मी तिला म्हटलं, हे मला नको, फिजिओला सांग.

"अहो डॉक्टर," ती म्हणाली, "हे रोज सकाळी घरातल्या फरशीवर आडवे होतात. ती ह्यांनीच बसवलेली, म्हणजे सपाट असणारच. मग गुडघ्याखाली फरशीचा तुकडा सरकवून बघतात. तो आत गेला, की दिवसभर तोंड पाडून बसायचं. दहाचे शंभर व्यायाम करतात आणि संध्याकाळी गुडघा फुगवून घेतात."

"आत जातो म्हणजे खाली पोकळ आहे," ते सायकलवरूनच म्हणाले. त्यापुढे काही बोलायचं उरलंच नाही, असा त्यांचा सूर होता.

फिजिओने तुकडा मागितला. तो त्यांच्या खिशातच होता. त्यांना कडक बाकावर झोपवून तिने तो डाव्या गुडघ्याखाली सरकवला. गेला. मग ती उजव्या बाजूला आली.

"तो चांगला आहे," ते म्हणाले.

"म्हणूनच."

तुकडा तिथेही तितक्याच सहज गेला.

"काका, तीस वर्षं उकिडवं बसून काम केलंत. तुमचे दोन्ही पाय असेच आहेत. डावा उजव्यासारखा झाला, म्हणजे बरा झाला. आता थोडं थोडं खाली बसायला शिकवते. पण शंभर बंद."

त्यांनी तुकडा हातात घेतला आणि दोन्हीकडे स्वतः सरकवून पाहिला. मग उठून बसले, बोटाच्या पेराने डाव्या गुडघ्यावर टकटक केलं आणि मान कलती केली.

"बघा बाई, आता गुडघासुद्धा वाजवून घेतायत," बायको म्हणाली आणि पदराने डोळे पुसत हसायला लागली. हसता हसताच तिने भावाला फोन लावला आणि मशीन आजच्या आज आणून ठेवायला सांगितलं.

सध्या ते आमच्या मागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर काम करतात. गुडघ्यांना जाड गाद्या बांधतात आणि तासाला एकदा उठून गॅलरीत दोन फेऱ्या मारतात.