तळ्याकाठी जेवणारा म्हातारा

पन्नास सालानंतरची गोष्ट. पिंपरीच्या कारखान्यात मी नुकताच लागलो होतो आणि खोलीवर एकटाच राहायचो. सुट्टीला खोली खायला उठायची. म्हणून एकदा एसटीनं खेडच्या पुढं गेलो आणि रानातल्या सोप्या पायवाटेनं डोंगरातल्या तळ्यावर पोचलो.

काठावर एक म्हातारा बसला होता, शेजारी रानात वेचलेल्या हिरड्याचं पोतं. त्यानं फडकं सोडून भाकरी मांडीवर घेतली आणि रानाकडं तोंड करून हाक घातली, "या जेवायला!"

आसपासच्यांना विचारल्याशिवाय घास घ्यायचा नाही, ही आमच्याकडची रीतच. पण तिथं होतं कोण? तो वाट बघत थांबला. मग त्याला मी दिसलो.

"ये रं बाबा, जेवायला!"

"माझी भाकर हाय माझ्यापाशी." फुकटचं मी तेव्हाही खात नव्हतो, आजही खात नाही.

"आसंल की! तुला उपाशी कोण म्हणलं? तुझी घिऊन हिकडं बस."

गेलो. विचारलं, "रोज अशी हाक मारता?"

"म्हातारी गेल्यापासनं. कोण येत न्हाई, पर बोलावल्याबिगर घास उतरत न्हाई बघ."

मग दोघं जेवू लागलो. त्याची उरलेली अर्धी भाकरी काही संपेना. नीट बघितलं, तर चिमणीला घालतात तेवढाले तुकडे तो तोंडात टाकत होता. जेवण झालं की मी उठणार, हे त्याला ठाऊक होतं.

मग मीही माझा घास बारीक केला.