बिनडिंकाचा चुना

प्रार्थना करताना मी देवाला सूचना देतो. आयुष्य मास्तरकीत गेलं, त्यामुळे ही खोड जडली आहे. अमुक कर, तमुक विसरू नकोस, असं मी त्याला अगदी शिस्तीत सांगतो. यंदाच्या उन्हाळ्यात मात्र अशी वेळ आली की त्याच्यासमोर उभं राहायलाही मला तोंड राहिलं नाही.

आमचं गाव जानेफळपासून आत, रस्ता संपतो तिथे. कॅथलिकांची पंधरा-वीस घरं, बाकी वस्ती हिंदू आणि मुसलमान शेतकऱ्यांची, आणि या सगळ्यांच्या मधोमध सिस्टरांचा मठ. मठाच्या ओसरीवर दवाखाना चालतो. गावात मूल जन्मलं की ते कुणाचंही असो, त्याला मठात आणून ओसरीच्या आढ्याला टांगलेल्या झोळीच्या काट्यावर तोलायचं, आणि सिस्टरांनी ते वजन पेन्सिलीने भिंतीवर लिहायचं, ही आमच्याकडची रीत. पहिल्या मदर परदेशातून आल्या होत्या. त्यांच्याजवळ कागद नव्हता म्हणून त्यांनी भिंतीवर लिहिलं, आणि पुढे कागद आला तरी गावाने भिंत सोडली नाही. मलाही तिथेच तोललं होतं म्हणतात. मी सहा महिन्यांचा असताना आई गेली. तिचा फोटो नाही, आणि ती कशी बोलायची हे सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही.

मठात आता दोनच म्हाताऱ्या सिस्टर राहिल्या आहेत. नागपूरहून पत्र आलं की त्यांच्या संघाच्या प्रमुख, मोठ्या मदर, स्वतः येऊन पाहतील आणि मठ ठेवायचा की बंद करायचा ते ठरवतील. गावाने मला मठाचा इतिहास लिहायला सांगितलं. मी चौदा पानं लिहिली. पहिल्या मदरांना आणायला बैलगाडी कुणाची गेली होती, यावर चार घरांनी हक्क सांगितला, म्हणून मी चारही गाड्या पाठवल्या. एक बाई आणायला चार बैलगाड्या म्हणजे वरात झाली, पण भांडणापेक्षा ते बरं.

मग मला व्यवस्थेचा झटका आला. दवाखाना सांभाळणाऱ्या सिस्टर फिलोमिना मोतीबिंदू काढायला बुलढाण्याला गेल्या होत्या. पाहुण्यांसमोर ही बरबटलेली भिंत नको, म्हणून मी रहीमचाचांना चुना द्यायला बोलावलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"सर, पक्कं ना? आन् चुन्यात डिंक टाका लागते. नाही तं अंगाले लागते."

"राहू द्या चाचा, डिंक आणायला जानेफळले कोण जाते? एका दिवसाचं तं काम आहे."

त्यांनी औषधांचं जुनं लाकडी कपाट हलवलं आणि त्याच्यामागेही इमानदारीने हात फिरवला. संध्याकाळपर्यंत भिंत पांढरीशुभ्र झाली. 'भिंतीला टेकू नये' अशी पाटी मी स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लावली आणि फार खूश झालो.

दुसऱ्या दिवशी सिस्टर फिलोमिना काळा चष्मा लावून परत आल्या. मूळच्या मंगळूरच्या, पण चाळीस वर्षांत बोलणं पार इथलं झालेलं. ओसरीत आल्या, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"सर, भिंत कुठी गेली?"

मठ या गावाला कशासाठी लागतो, हे मोठ्या मदरांना दाखवायला त्यांच्याजवळ ती भिंतच होती. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बाकावर बसून पांढऱ्या भिंतीत अक्षरं शोधू लागल्या. मी चॅपलमध्ये गेलो, पवित्र मातेच्या मूर्तीसमोर गुडघे टेकले, आणि पहिल्यांदाच मला एकही सूचना सुचली नाही. "माझ्याच्यानं बिघडलं. आता तू पाहा," एवढंच म्हटलं आणि रडलो.

सकाळी मोठ्या मदर आल्या. काटक बाई, राखाडी झगा, चेहऱ्यावर प्रवासाचा शीण. कपाटाच्या रिकाम्या जागी त्यांची खुर्ची मांडली होती. गाव ओसरीभर बसलं. काशीबाई नेहमीप्रमाणे भिंतीला टेकली, तेव्हा मी तिला पाटी दाखवली.

"काऊन टेकू नये? आमच्या सासूबाईबी इथीच टेकत."

मी वाचायला लागलो. तिसरी बैलगाडी निघेपर्यंत सगळं गाव भिंतीला टेकलं होतं. चौथ्या गाडीला खुद्द मोठ्या मदरांनी मान मागे टाकली आणि डोळे मिटले. त्या झोपल्या होत्या असं मी म्हणणार नाही. मी थांबलो तशा त्या दचकून उठल्या, आणि त्यांची पाठ पांढरीफेक! काशीबाई झटकायला धावली तर तिची पाठ त्याहून पांढरी. पोरं फिदीफिदी हसू लागली. मला वाटलं, आता धरणीने मला पोटात घ्यावं.

तेवढ्यात सिस्टर फिलोमिना ओरडल्या, "पाहा, पाहा! अक्षरं निघून राह्यली!"

मग जे झालं ते माझ्या चौदा पानांत कुठेच बसत नाही. म्हशी बाभळीला अंग घासतात तसं अख्खं गाव भिंतीला पाठ घासू लागलं. सरपंच, सासवा, सुना, सगळे. 'मुलगी, साडेपाच पौंड. नाव उद्या.' 'जुळे, दोघं रागीट.' एका ओळीपाशी मोठ्या मदर थांबल्या आणि त्यांनी मोठ्याने वाचलं, "बकरीचं पिल्लू, रहीमचं. चार पौंड. रहीम रडला म्हणून तोललं."

"मी लहान होतो हो," सत्तरीचे रहीमचाचा लाजून म्हणाले. मोठ्या मदर हसता हसता खुर्चीत बसल्या. डोळे पुसून त्या म्हणाल्या की मठ इथेच राहील आणि जूनमध्ये एक तरुण सिस्टरही येईल. सिस्टर फिलोमिनांचा ऑपरेशनचा डोळा पाण्याने भरून आला, डॉक्टरने पाणी लावू नका म्हटलेलं असूनही.

गर्दी जेवायला गेल्यावर रहीमचाचांनी मला मदरांच्या खुर्चीमागे नेलं. इतकी वर्षं कपाटामागे राहिलेल्या त्या जागेवर पहिल्या मदरांचं वाकडंतिकडं मराठी होतं. माझं नाव, आणि पुढे, 'तीन पौंड. मी म्हटलं कठीण. आई म्हणते, पाहाच तुम्ही, हा जगते.'

डिंक मी टाळला की माझ्याकडून टाळवला गेला, यावर मी वाद घालत नाही. देवाला सूचना देणं बरंच कमी केलं आहे. रोज सकाळी त्या जागी पाठ टेकून बसतो आणि पांढरा होऊन घरी जातो. बायको सदरे धुऊन वैतागली आहे. तिला काय सांगू? अडुसष्टाव्या वर्षी मला माझ्या आईचं एक वाक्य मिळालं आहे, आणि ते खरं निघालं आहे.