सोवळ्याची घडी

दोन वर्षं झाली, माझ्या कमरेवर गजकर्ण ठाण मांडून बसलं आहे. आधी रुपयाएवढा एक गोल चट्टा होता. मेडिकलवाल्याने दिलेल्या ट्यूबने तो आठ दिवसांत गेला आणि महिन्याने चार भाऊ घेऊन परत आला. निवृत्त शिक्षक चारचौघांत कंबर खाजवतो याची लाज वाटायची. आता तीही वाटेनाशी झाली आहे.

शेवटी हिनकलजवळच्या एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी माझी ट्यूब वाचली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. म्हणाल्या, "असल्या मलमांनीच ही बुरशी माजलीय. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत जायची, आता महिनोन्महिने गोळ्या देऊनही हलत नाही. आमच्या कृष्णराजनगरच्या शेतात भातावरच्या करप्याची बुरशीही तशीच. फवारलं की थोडे दिवस गप्प, मग पुन्हा हजर." त्याही थकलेल्या दिसल्या. घरातले सगळे कपडे गरम पाण्यात धुवा, उन्हात वाळवा, असं त्यांनी दोनदा बजावलं.

बायकोने ते फारच मनावर घेतलं. चादरी, टॉवेल, बनियन, उशांचे अभ्रे, दारावरचा पडदासुद्धा तिने उकळला. चट्टे जात होते आणि येत होते.

त्यातच मुलगी बाळंतपणाला आली. नातू झाला. "अप्पा, मनाला बेजार करून घेऊ नका, पण स्वल्प लांबच बसा," ती म्हणाली. मी उंबऱ्यापाशी खुर्ची टाकून बसायचो. त्याला तेल लावताना बघायचं, आंघोळ घालताना बघायचं. हात नुसते शिवशिवायचे.

बारशाला आमच्या घरची एक रीत आहे. पाळण्यात बाळाच्या उघड्या अंगाखाली पूजेच्या सोवळ्याची घडी घालतात. माझ्या वडिलांचं लाल रेशमी सोवळं, आता रोज मी नेसतो ते. रेशमाला विटाळ नाही, म्हणून त्याला साबण नाही आणि गरम पाणी तर नाहीच. पूजा झाली की आतल्या खोलीत उंच दांडीवर टांगायचं, आंघोळीशिवाय कुणी शिवायचं नाही. बारशाला मी ते काठीने उतरवलं, बायकोने घडी घातली. मी नाही तर नाही, निदान हे तरी त्याला शिवेल, या विचाराने मला गहिवरून आलं.

पंधरा दिवसांनी नातवाच्या पाठीवर रुपयाएवढा गोल चट्टा उठला.

न उकळलेलं कापड घरात कुठलं, डॉक्टरीणबाईंनी विचारलं. एकही नाही, बायको ठामपणे म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. सोवळं हे कापड आहे असं आम्हा दोघांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मग तिची नजर माझ्या कमरेवर गेली, जिथे मी रोज त्याच्या निऱ्या खोचतो. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, अशी आमची दोन वर्षं गेली होती.

घरी येऊन मी ते सोवळं उकळत्या पाण्यात टाकलं. लाल रंग सगळा पातेल्यात उतरला. वडिलांसाठी वाईट वाटायला हवं होतं, पण मी फार दमलो होतो.

मुलगी रागाने चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं. ती नवं मलम घेऊन बसली होती, बाळ पाय झाडत होतं. "अप्पा, हात धुऊन या," ती म्हणाली. "आता लांब बसून काय उपयोग? याला स्वल्प धरा."

महिन्याच्या नातवाला मी पहिल्यांदा हातात घेतलं ते असं, पालथं, पाठीला औषध लावण्यासाठी.