तिसरा पुकारा

"तिसरा बाकी हाय, साहेब."

दारात उभं राहून, टोपी हातात धरून मामा एवढंच सांगत. साहेब घड्याळाकडे बघत, सुस्कारा टाकत आणि दुसरी फाईल ओढून घेत.

तुम्ही कधी तहसील कार्यालयात तारखेला गेला असाल, तर असा शिपाई तुम्हीही पाहिला असेल. सुनावणी सुरू झाली की व्हरांड्यात येऊन तो अर्जदाराचं नाव मोठ्याने घेतो. तीनदा पुकारूनही कुणी आलं नाही, तर अर्जदाराला गैरहजर धरतात आणि अर्ज निकाली निघतो. आमच्या कार्यालयातल्या शिपायाला सगळे मामा म्हणत. पहिले दोन पुकारे ते लागोपाठ करायचे. तिसऱ्याला वेळ घ्यायचे.

किती वेळ, ते एसटीवर ठरायचं. स्टँड कार्यालयासमोरच आहे. कुठल्या गावाची गाडी किती वाजता येते हे मामांना पाठ होतं. उसाचा हंगाम लागला की रस्ताभर ट्रॅक्टर-ट्रॉल्या, गाड्या अर्धा तास मागे. त्या दिवसांत तिसरा पुकाराही अर्धा तास मागे पडायचा. वकील वैतागायचे. मामा स्टुलावर बसून शांतपणे स्टँडकडे बघत राहायचे.

मी तिथे कंत्राटावर आहे. सुनावणीत काय घडलं त्याची नोंद, म्हणजे रोजनामा, संगणकावर टाइप करते. शाळा इंग्रजी माध्यमाची. पहिल्या आठवड्यात 'उभय पक्ष' हे शब्द मी अर्थ न कळता वीस-पंचवीस वेळा टाइप केले. कुणाला विचारलं नाही. मामांनी कसं ओळखलं, माहीत नाही. चहा ठेवता ठेवता म्हणाले, "उभय म्हंजी दोगं. लाजायचं न्हाई, ताई. हितं निम्म्यांना म्हाईत न्हाई."

एकदा त्यांचा घसा बसला होता. "आज तुमी मारा हाक," म्हणाले. मी व्हरांड्यात गेले, नाव घेतलं. शेजारच्या बाकावरचा माणूससुद्धा वळला नाही.

"घरी भाकर मागताना बी असंच बोलता?"

मी पुन्हा नाव घेतलं. तरी कुणी वळलं नाही.

"मंग उपाशीच ऱ्हात असताल," म्हणाले, आणि त्या बसलेल्या आवाजातच त्यांनी हाक मारली. माणूस आला.

शेवंताबाईंच्या अर्जाची पहिली तारीख मला आठवते. गावाबाहेरच्या बौद्ध वस्तीवर त्या राहतात. वस्तीवरून डांबरी सडकेला जाणारी वाट एका बागायतदाराच्या बांधावरून जाते. वर्षानुवर्षांची वाट. त्याने तारेचं कुंपण घातलं. आता पोरांना शाळेला ओढ्यातून जावं लागतं आणि आजारी माणसाला खाटेवर घालून न्यावं लागतं. वाट खुली करून मिळावी, एवढाच अर्ज. खाली वस्तीच्या वतीने शेवंताबाईंची सही.

मामांनी पुकारलं, "श्रीमती शेवंताबाई," आणि पुढे नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं कागदावर होतं तसं.

बागायतदार बाकावर बसला होता. तो हसला. "शेवंतीला श्रीमती कुनी केली, मामा?"

"कागदानं केली," मामा म्हणाले, आणि दुसरा पुकारा तेवढ्याच मोठ्याने केला. मग स्टुलावर बसले. गाडी यायला पंचवीस मिनिटं लागली. शेवंताबाई चप्पल हातात घेऊन रस्ता ओलांडताना दिसल्या तेव्हा ते उठले आणि त्यांनी तिसरा पुकारा केला. त्या दिवशी साहेबांनी जागेची पाहणी करायचा आदेश दिला.

मामा पावसाळ्यात निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, पेढे. त्याआधी त्यांनी एक पत्र माझ्यासमोर धरलं होतं. "ह्यात काय लिव्हलंय, वाचा बरं." खर्चकपातीचं पत्र होतं. ते गेल्यावर त्यांची जागा भरायची नव्हती. त्यांच्या पदाचा 'मृत संवर्ग' झाला होता. मी अर्थ सांगितला.

"म्हंजी मी जित्ता हाय, पर खुर्ची मेली."

"तुम्हाला खुर्ची कुठे होती, मामा?"

"व्हय की. स्टूल मेलं म्हना."

ते हसले म्हणून मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून ते श्रीगोंद्याकडे, लेकाच्या मळ्यात. स्टूल व्हरांड्यातच राहिलं.

शेवंताबाईंच्या अर्जाची शेवटची तारीख हंगामात आली. साहेब नवीन होते. बागायतदार आणि त्याचा वकील समोर बसलेले. साहेबांनी फाईलमधून मान वर न काढता विचारलं, "पुकारा झाला?"

खोलीत कार्यालयाचं दुसरं कुणी नव्हतं. मी खिडकीतून स्टँडकडे पाहिलं. गाडी आली नव्हती. साहेबांनी माझ्या गप्प राहण्याचा अर्थ होय असा घेतला. "घ्या मग लिहून."

वाक्य संगणकात तयारच असतं. 'अर्जदार यांना तीन वेळा पुकारण्यात आले. अर्जदार गैरहजर. सबब अर्ज निकाली काढण्यात येतो.' मला फक्त नाव बदलायचं होतं. मी बदललं. काही वाटलं का, असं तुम्ही विचाराल. प्रिंटरमध्ये कागद अडकला होता, तो काढण्यात माझं लक्ष होतं.

शेवंताबाई चाळीस मिनिटांनी आल्या.

"फॅक्टरीम्होरं ट्रॉली उलटली हुती, ताई. झाला का पुकारा?"

"झाला."

"मामा दिसना."

"रिटायर झाले."

"मंग केला कुनी?"

मी त्यांना बसायला सांगितलं. अर्ज पुन्हा चालवायला घ्या, असा अर्ज मुदतीत करता येतो. मामांनीच मला ते शिकवलं होतं. मी तो टाइप करायला घेतला. 'गैरहजर राहण्याचे कारण' या ओळीवर येऊन थांबले. पुकारा झालाच नाही, हे खरं कारण. पण त्याच फाईलमध्ये वरती 'तीन वेळा' हे मी टाइप केलेलं होतं आणि माझं कंत्राट पुढच्या महिन्यात संपत होतं. मी लिहिलं, 'गाडीस उशीर झाल्याने पुकारा ऐकू आला नाही.'

त्यांना वाचून दाखवलं.

"बराबर हाय," त्या म्हणाल्या. एकेक अक्षर काढत सही केली. मग पेन परत देताना म्हणाल्या, "चहावाला सकाळपून म्होरंच हाय. त्याला बी न्हाई म्हनं आला ऐकू."

माझ्याकडे बघत नव्हत्या. मी अर्जावर शिक्का मारला आणि पोच दिली.

परतीच्या गाडीला वेळ होता. त्या मामांच्या स्टुलावर जाऊन बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. तारीख पडली की पुकारा होईल, असं मी दारातून त्यांना सांगितलं. कोण करील, ते त्यांनी पुन्हा विचारलं नाही.