तिथं पाणी कोण भरतं?

परत आलेलं पुस्तक काकी आधी फडक्यानं पुसत आणि मग विचारत, "सगळं झकास. पण तिथं पाणी कोण भरतं?"

हा प्रश्न फक्त काल्पनिक राज्यांच्या कादंबऱ्यांसाठी असे. घाटकोपरला आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर, स्वतःच्या बाहेरच्या खोलीत काकी वाचनालय चालवत. मूळच्या मालवणकडच्या, गिरणी कामगाराच्या विधवा. आमच्याकडे पाणी पहाटे यायचं आणि चहा होईपर्यंत जायचं. त्यामुळे ज्या राज्यात हवेत महाल तरंगतात, दोन-दोन चंद्र उगवतात आणि पहाटे उठून पिंप मात्र कुणीच भरत नाही, त्या राज्यावर त्यांचा विश्वास बसत नसे.

"आणि कचरा?" देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराकडून वारा सुटला की खिडकी लावता लावता त्या म्हणत. "एवढी मोठी राजधानी. ह्यांचं देवनार कुठाय?"

तुम्हाला वाटेल, बाईंना असली पुस्तकं आवडत नसावीत. छे! नवीन आलं की पहिल्यांदा त्यांच्याच उशाशी जायचं. फक्त आम्हाला ते एकटं मिळत नसे. सोबत एक साधं, घरादाराचं पुस्तक न्यावंच लागे. "नुसत्या मिठाईनं पोट बिघडतं रे." आम्ही निम्मे लोक ते दुसरं पुस्तक न उघडताच परत करायचो, हे त्यांना ठाऊक होतं.

एकदा मी वैतागून म्हटलं, "एवढ्या चुका दिसतात, तर वाचता कशाला?"

"मागे एका राज्यात जन्माच्या नक्षत्रावरून कामं वाटून देत होते. मी खूप हसले. मग वाटलं, हसतेय कशाला? आपल्याकडे वेगळं काय चाललंय? आपल्या गावची गोष्ट असती ना, तर मी आधीच कुणाची तरी बाजू घेऊन बसले असते."

मंत्रानं मेलेला माणूस उठला, की मात्र त्या पुस्तक मिटून टाकत. "मग आधी रडवलं कशाला?" एवढंच म्हणत. समोर भिंतीवर यजमानांचा फोटो असे.

काचबिंदूनं नजर गेली तेव्हा त्या तीन भागांच्या एका कादंबरीत अडकल्या होत्या. ढगांतल्या बेटांचं राज्य आणि धुक्यात वाट चुकलेली एक नावाडीण. दुसरा भाग मी त्यांना रविवारी वाचून दाखवत असे. भाग संपला तरी नावाडीण धुक्यातच.

"ह्या लोकांची हीच खोड," काकी करवादल्या. "जग उभारतात ऐसपैस, आणि एका पोरीला घरी पोचवत नाहीत."

तिसरा भाग काही येईना. इकडे काकींचं हृदय थकत चाललं. डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, फार दिवस नाहीत. काकी मात्र मी दिसलो की विचारायच्या, "आला काय रे? पोचली काय ती?"

एका रविवारी मी म्हटलं, "आला." हातात भलतंच पुस्तक धरलं आणि मनानंच वाचायला लागलो. नावाडीण धुक्यातून काढली, तिच्या बेटावर आणली. पहाट होती. विहिरीवर बायका कळशा भरत होत्या, त्यांतच तिची आई होती.

काकींनी हात वर केला. "थांब. दोन भागांत ह्या बाबानं कुणाला पाणी भरू दिलं नाही. आज कळशा कुठून आल्या?"

मी उगाच एक पान उलटलं. दारात उभी असलेली त्यांची मुलगी तोंड फिरवून आत गेली.

"वाच रे झिला," काकी हळूच म्हणाल्या. "आई काय म्हणते तिला?"

"म्हणते... आलीस? धर ही कळशी."

काकी हसल्या. "आता पोचली," म्हणाल्या, आणि कूस वळवली.

त्याच आठवड्यात त्या गेल्या.

तिसरा भाग दिवाळीनंतर आला. वाचनालय बंद करताना मुलीनं तो मला दिला, आणि न विसरता सोबत एक साधं पुस्तकही. एका पहाटे जाग आली म्हणून वाचत बसलो. त्यातही नावाडीण घरी पोचते. सज्जातून राणी फुलं उधळते, आकाशात दोन-दोन चंद्र असतात. पाणी कुणीच भरत नाही. काकींची फार आठवण आली.

शेवटची दोन-चार पानं उरली होती, तेवढ्यात मोरीतला नळ सूं सूं करू लागला. पुस्तक पालथं ठेवून मी पिंप भरायला उठलो.